सुखदेव मिस्त्रींचे पाच लिटर

सुखदेव मिस्त्रींनी स्वतःच्या विसराळूपणानं स्वतःची बायको घालवली, असं पांढुर्ण्यात आजही सांगतात. टपरीवर दोन-चार जुने ड्रायव्हर बसले की कधी ना कधी ही गोष्ट निघतेच. ज्यांनी मिस्त्रींना पाहिलंसुद्धा नाही असे लोक मान हलवून म्हणतात, "एवढा कारागीर माणूस, पण ऐन वेळी विसरला." मी तिथंच बसलेला असतो आणि चहा पीत असतो. ही गोष्ट खोटी आहे हे ज्याला माहीत आहे असा आता मी एकटा उरलो. लिहिण्याची मला सवय नाही, सारा जन्म गाडीच्या चाकामागे गेला. पण मीही गेलो तर हे खोटंच खरं होऊन बसेल, म्हणून लिहून टाकतो.

नागपूर रोडला, वखारीला लागून, मिस्त्रींचं टिनाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे आणि जमिनीत एक खड्डा. ते इंजिनाची कामं करत नसत. गिअर, ब्रेक, क्लच घेऊन कोणी आला की "पुढं जा जी" म्हणत. त्यांचं काम फक्त टाकीचं. गळकी टाकी, गंजलेली टाकी, टाकीत पाणी गेलं, काटा बंद पडला, अशा गाड्या बैतूलकडून आणि सौसरकडून त्यांच्याकडे येत. बुटका, काळासावळा माणूस. खाकी अर्धी चड्डी आणि बाह्या नसलेली बंडी. गाडी आली की आधी झाकण उघडून नाक लावायचे. डिझेलात रॉकेल मिसळलं असेल तर वासावरून सांगत, आणि कोणत्या गावच्या ड्रायव्हरनं मिसळलं असेल तेही सांगत. ते मात्र अंदाजानं, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं.

त्यांचं घर जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं प्रथेप्रमाणे नदीवर एकमेकांना गोटे मारायला उतरली की हा सावरगावचा माणूस पांढुर्ण्यात आपल्या दुकानात एकटाच टाक्या ठोकत बसलेला असायचा. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" म्हणाले, "मले कोणाच्याच बाजूनं गोटा माराचा नाही. ज्याची टाकी फुटली तो मायाकडेच येते."

आणि एक. संत्र्याच्या मुलखात राहून हा माणूस संत्रं खात नसे. तरुणपणी ते एका ट्रकवर क्लीनर होते. बैतूलच्या घाटात डिझेल संपलं. ड्रायव्हर डबा घेऊन गेला तो तिसऱ्या दिवशी उगवला. तोवर यांनी मालातली संत्री खाऊन दिवस काढले. पाणी नाही, सावली नाही. "तेव्हापासून वास आला तरी मले घाट दिसते," म्हणायचे.

त्या घाटातूनच त्यांचे ते पाच लिटर निघाले. टाकीच्या आत एक फ्लोट असतो. डिझेलावर तरंगणारा डबा आणि त्याला लोखंडी दांडी. डबा वरखाली झाला की दांडी फिरते आणि ड्रायव्हरसमोरचा काटा हलतो. कोणाचीही टाकी बदलली, फ्लोट नवा घातला की मिस्त्री बसवण्याआधी ती दांडी डब्याजवळ अंगठ्यानं जराशी वर वाकवत. मग टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा पूर्ण वर जायचा नाही, आणि काटा पार खाली टेकला तरी टाकीत पाच लिटर शिल्लक असायचे. हे ते न विचारता करत, आणि त्याचा एक पैसा घेत नसत. एका साहेबाची जीप आली होती. साहेब दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले, काटा चुकीचा दाखवून राहिला म्हणून. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, चुकीचा नाही. तो तुमच्यासाठी थोडं मागं ठेवून राहिला." साहेब जीपमध्ये बसले, गेले गुमान.

रस्त्यावरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. काटा खाली गेला की क्लीनर घाबरायचा आणि ड्रायव्हर म्हणायचा, "सुखदेव आहे ना." टाकीतल्या त्या शिलकीला लोकांनी त्यांचंच नाव देऊन टाकलं होतं.

त्यांची माझी ओळख झाली ती ऐंशीचं दशक नुकतं लागलं तेव्हा. आमचं पांढुर्ण्यात किराण्याचं दुकान. मला तागडी धरायचा कंटाळा, म्हणून वडिलांशी भांडून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. हंगामात संत्री नागपूरला न्यायची, एरवी जे मिळेल ते. शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला माणसं न्यायची. मिस्त्री बुद्धाला मानणारे, देवळात जात नसत, पण शनिवारी दुकान बंद ठेवून माझ्या शेजारी येऊन बसायचे. बाकीचे दर्शनाला गेले की हे बाहेर उभ्या गाड्यांच्या रांगेतून फिरत एकेक झाकण घट्ट आहे का पाहायचे. ज्याचं झाकण हरवलं आणि चिंधी कोंबली आहे त्याला शोधून काढून झापायचे. मी म्हणायचो, "भाऊ, तुमचा देव टाकीत बसला आहे." ते म्हणायचे, "बसू दे बावा, तिथं तरी कोणी त्याले त्रास देत नाही."

आमच्या दुकानात यायचे तेव्हा पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढत. आई त्यात वरून चहा ओतायची. आमच्या घरी त्यांच्यासाठी एक कानतुटका कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून गिलास आणायला लागले. "माया हातून कप फुटते माय," एवढंच आईला म्हणाले. मी त्यांच्या घरी ताटाला ताट लावून जेवून आलेला, तरी आईला काही बोललो नाही. गप्प बसायची सवय मला तिथूनच लागली असावी.

त्यांच्या घरी जेवायचं म्हणजे आधी एक सोहळा असायचा. त्यांची बायको शेवंताबाई, माझी वहिनी, दारातच उभी राहायची आणि म्हणायची, "आधी हात धुवा." डिझेलचा वास तिला सहन होत नव्हता. मिस्त्री अंगणातली माती घेऊन कोपरापर्यंत हात चोळत, मग राख, मग लिंबाचं साल. धुतलेले हात तिच्या नाकापाशी नेत. ती वास घेई आणि बहुतेक वेळा परत पाठवी. "अजून येऊन राहिला." लग्नाला वीस वर्षं झालेली, पोरगी रमा दहावीत, आणि हा माणूस शाळेतल्या पोरासारखा परत मोरीवर. मला हसू यायचं. असं घर मी दुसरं पाहिलं नाही.

सात वर्षं मी त्यांच्या पाच लिटरवर गाडी चालवली. मग माझी टाकी खालच्या शिवणीवर गंजली. साबण लावून पाहिला, डांबर लावून पाहिलं, गळती थांबेना. मिस्त्री म्हणाले, "हे पोट गेलं आता, दुसरं आण." नागपूरहून मी नवी टाकी आणली आणि सोबत नवा फ्लोट, खोक्यातला, तेलकट कागदात गुंडाळलेला. त्याच्या आदल्या महिन्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं माझ्या काट्यावरून चारचौघांत थट्टा केली होती. तुमच्या तिकडं घड्याळही असंच चालते काय, म्हणाला. ते मनात सलत होतं.

सकाळीच त्यांनी जुनी टाकी उतरवली. पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, छिन्नीनं तोडले. नवी टाकी दोनदा डिझेलानं खळखळून घेतली, बुचाची नवी चकती कापली, काट्याची तार घासून लख्ख केली. मग फ्लोट हातात घेतला. अंगठा दांडीवर गेला तसा मी म्हणालो, "भाऊ, ह्या वेळी वाकवू नका."

"काऊन?"

"नवं सामान आहे. जसं आलं तसंच बसवा. काटा खरा पाहिजे मला."

त्यांनी अंगठा काढला नाही. माझ्याकडे पाहत राहिले. "वसंता, सात वर्षांची सवय आहे तुले. ध्यानात राहील काय?"

"मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस म्हणूनच विचारून राहिलो."

पण माझी गाडी, माझा हट्ट. त्यांनी दांडीवरून अंगठा काढला आणि फ्लोट तसाच बसवला. निघताना लाल तारेचा एक तुकडा काट्याच्या घड्याळाला बांधून दिला. "हे सोडू नको. हे पाहशील तर याद येईल." आठ दिवसांनी तो तुकडा मी काढून फेकला. नव्या काट्यासमोर ते गबाळं दिसत होतं.

वैशाखात वहिनीचं पोट दुखायला लागलं. दोन दिवस ओवा, हिंग, शेक यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट कडक झालं. डॉक्टरनं हात लावला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या, आतडं फुटलं असावं. मिस्त्री धावत माझ्याकडे आले. त्या माणसाला धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दहा मिनिटांत मागच्या हौद्यात गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. मिस्त्री तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, शेजारी रमा. पुढं मी एकटा.

वाटेत पंप लागला. ट्रकांची रांग होती, पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असती. मी काट्याकडे पाहिलं. काटा खाली टेकायला आला होता. आणि मी मनात काय म्हणालो ते मला आजही ऐकू येतं. मी म्हणालो, सुखदेव आहे ना. पंप मागे टाकला.

सावनेरच्या अलीकडे, जिथं दोन्ही बाजूंना नुसती उघडी रानं आहेत, तिथं इंजिन दोनदा खोकललं. मागून मिस्त्रींनी ताडपत्री सारली. त्यांना काटा पाहायची गरज नव्हती, आवाजावरून कळलं होतं. गाडी कडेला थांबली. ते खाली उतरले, माझ्या खिडकीशी आले, आत काट्याकडे पाहिलं, जिथं लाल तार नव्हती तिथं पाहिलं. मी वाट पाहत होतो, आता हा माणूस मला खाली ओढणार. ते म्हणाले, "बोनेट उघड."

डिझेल संपलं की नुसतं ओतून गाडी चालत नाही. नळ्यांत हवा शिरते, ती हातपंपानं थेंब थेंब काढावी लागते. आणि ओतायला डिझेल तरी कुठं होतं? दुपारचे बारा. दोन ट्रक हात दाखवूनही निघून गेले. तिसरा थांबला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. खाली उतरून आधी हसला, मागं काय आहे त्याला दिसलं नव्हतं. म्हणाला, "अरे मिस्त्री! तुमचे पाच लिटर कुठं गेले?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण मिस्त्री आधी बोलले. "राहून गेले बावा. नळी काढ."

नळी तोंडात धरून त्यांनी ट्रकातून डिझेल ओढलं, घोट तोंडात गेला तो थुंकला. मग बोनेटमध्ये वाकून हवा काढायला लागले. हातपंपाचा वायसर, आतली रबरी चकती, मऊ पडला होता, दाब धरत नव्हता. इंजिन चार फटके घ्यायचं आणि बसायचं. मागून वहिनीचं कण्हणं ऐकू यायचं, मग तेही कमी झालं. मिस्त्री सारखं एकच काम करत होते, नट ढिला, पंप, नट घट्ट. घाम नाकावरून इंजिनावर टपकत होता. मध्ये एकदा ते मागं गेले, हौद्यात चढले, तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. तिनं डोळे उघडले. तिचा आवाज मात्र मला आला. "आधी हात धुवा," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली तेव्हा दोन वाजत आले होते.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, "वाटेत कुठं थांबले होते काय?" वहिनी संध्याकाळी गेली.

तिसऱ्या दिवशी सावरगावात माणसं जमली. वहिनीचा भाऊ नामदेव मोहगावहून आलेला, तालमीतला गडी. डोळे लाल. भर अंगणात उभा राहून म्हणाला, "मले एवढं सांगा, गाडी काऊन बंद पडली?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या दोन लहान पोरी तेव्हा घरी होत्या, बायकोला दिवस गेलेले होते, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. भिंतीला टेकून बसलेले मिस्त्री न उठता म्हणाले, "मायी चूक झाली. नवा फ्लोट वाकवाचा विसरलो. वसंताले काय माहीत, तो माया भरोशावर होता."

नामदेव खाली बसला आणि रडायला लागला. मी उभा होतो. मी तेव्हाही बोललो नाही.

मग ती गोष्ट गावभर झाली, गावातून रस्त्यावर गेली. लोक वाईट नव्हते, हळहळत होते, पण टाकी घेऊन आले की आता विचारायचे, "मिस्त्री, ह्या वेळी विसरले नाही ना?" कोणी थट्टेनं विचारी, कोणी खरोखर. जो माणूस वीस वर्षं कधी विसरला नव्हता त्याला रोज हे ऐकावं लागलं. ते दरवेळी "नाही जी" म्हणत. काही ड्रायव्हर मग सौसरला टाक्या न्यायला लागले. मी पुन्हापुन्हा ठरवायचो, आज सांगू, सगळ्यांसमोर सांगू. दुकानात जायचो, ते काम करत असायचे, स्टूल पुढं सरकवायचे, आणि मी संत्र्याच्या भावाचं बोलून परत यायचो. माझ्यासारखा भेकड माणूस पांढुर्ण्यात दुसरा नसेल.

रमाचं लग्न सौसरला झालं आणि वर्षभरात मिस्त्रींनी दुकान मोडून पोरीकडे राहायला जायचं ठरवलं. गेले ते मला न सांगता गेले.

शेवटचे दिसले ते दिवाळीनंतर, संत्र्याच्या पहिल्या बहारात. मी सौसरमधून नागपूरला निघालो होतो. बाजाराच्या वळणावर कडुलिंबाखाली ते बसलेले. नजर अधू झाली होती असं ऐकलं होतं. मी गाडी थांबवली. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं नाही, इंजिनाचा आवाज ऐकला आणि उठले. "वसंता काय?" म्हणाले. सरळ टाकीपाशी गेले, झाकण उघडून वास घेतला, मग बोटाच्या पेरांनी टाकी वरून खाली ठोकत गेले आणि एका जागी थांबले. "अर्ध्याच्या वर आहे. नागपूर होते आरामात."

ते ऐकून माझा बांध फुटला. मी रस्त्यावरच म्हणालो, "भाऊ, मी आता सगळ्यांना सांगून टाकतो. नामदेवला सांगतो, रमाला सांगतो. वाकवू नका असं मीच म्हणालो होतो."

"काय कराचं सांगून?"

"तुमचं नाव गेलं माझ्यापायी."

ते झाकण लावत होते. घट्ट झालं का ते दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "जिले सांगाचं होतं तिले मी तेव्हाच सांगतलं. रस्त्यावर, गाडीत."

"काय सांगितलं?"

"का मायाकडून वाकवाचं राहून गेलं म्हणून. ती तुले भाऊ मानत होती. जातानी तुयावर राग घेऊन कायले जावं तिनं?"

त्यांनी गाडीचं दार ठोकून सांगितलं, "जा आता, माल गरम होते." मी बसलो, गाडी सुरू केली. वळण घेताना आरशात पाहिलं. ते झाडाखाली उकिडवे बसले होते, मूठभर माती घेऊन कोपरापर्यंत हात चोळत होते. चोळून झाल्यावर त्यांनी हात नाकापाशी नेले, वास घेतला, आणि पुन्हा माती उचलली.